इटलीची मूठभर माती

आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत मेले आणि तिथंच पुरले गेले. जाळायचा माणूस पुरला, म्हणून ऐंशी वर्षं पिंपळवंडीतला एकही कावळा त्यांच्या घासाला शिवत नाही, असं त्यांच्या लेकीचं, कुशाआत्याचं मत. यंदा इटलीत नोकरीला असलेल्या माझ्या मुलानं, सूरजनं थडगं शोधलं, फोटो काढला, मूठभर माती आणली. सर्वपित्रीला ती पत्र्यावर घासाशेजारी ठेवली आणि आम्ही वळायच्या आत कावळा तुटून पडला. आत्यानं हात जोडले. मी मोबाइलवर फोटो मोठा केला आणि थडग्यावरचं वाचून दाखवलं. नाव आजोबांचंच, बापाचं मात्र दुसरं, गाव कराडजवळचं. “मंग आत्ता जेवला त्यो कोण?” आत्यानं विचारलं. “कावळा, आत्या,” मी म्हणालो. पान साफ झालं, तरी कावळा उडेना. “नाव बी तेच,” ती कुजबुजली. “ह्याला आता हे घर तुझं न्हाई म्हणून कोण सांगणार?”