वेगमर्यादा

"आई, तुझं घड्याळ मागे पडलंय!" व्हिडिओ कॉलवर आईमागच्या भिंतीवर सव्वाचार, सुहृदच्या ऑफिसात पावणेपाच. ती मात्र आपलंच बोलत राहिली.

दुसऱ्यांच्या ॲपवरचे कॉल मंद केले की लोक झक मारत आपलं घेतील, असं त्याच्या मोबाईल कंपनीतले साहेब म्हणाले होते. सकाळी त्या कॉलचा वेग सुहृदनेच उतरवला होता.

टेबलावरचा फोन वाजला. शेजारच्या नलूकाकू रडत होत्या. "पापड काढायला गेली नि गच्चीच्या जिन्यावरून पडली. अर्धा तास झाला. गेली रे तुझी आई!"

मोबाईलवर आई उठली. "थांब हं, पापड काढून आणते."

"आई, जाऊ नको!"

ती जिन्याकडे निघालीच.

त्याने वेग आणखी उतरवला. आईचं पाऊल पहिल्या पायरीवर अधांतरी राहिलं.