निर्जळी

चांद्रवसाहतीतल्या तपासनिसानं मुठीएवढं यंत्र सुखदाच्या नडगीवर टेकवलं. "मार लाथ, पोरी! यंत्र काही रडायचं नाही. पृथ्वीवर तुझं वजन सहापट भरणार आहे, ते पेलायला हवं ना?"

सुखदानं दात-ओठ खाऊन पाय रेटला. चंद्रावरच जन्मलेल्या तिला एकदा पृथ्वीवरच्या देवळात, माणसांच्या दाटीत बसून कीर्तन ऐकायचं होतं. पोरीचे पाय या कसोटीला उतरावेत म्हणून वत्सलाबाईंनी विठोबाला नवस बोलला होता आणि कालपासून लेकीला पाण्याचा घोटही घेऊ दिला नव्हता.

आकडा हद्दीपाशी थरथरला आणि खाली घसरला.

"अगदी थोडक्यात राहिलं गं," तपासनीस हळहळला. "यान आत्ता सुटतंय. पुढच्या खेपेपर्यंत हे पाय आणखी रोडावतील. उपाशीबिपाशी नव्हतीस ना? रिकाम्या पोटी पायांत जोर राहत नाही."

वत्सलाबाईंच्या काळजात चर्र झालं.

सुखदानं आईकडे पाहिलं. "छे हो काका, आईनं पोटभर जेवू घालूनच आणलंय," ती म्हणाली, आणि उठताना तिनं आईचाच खांदा धरला.