सर ॲलनला दिलेला शब्द

२०१९ साली प्रमिलाताई ग्लासगो कायमचं सोडून लेकाकडे लंडनमधल्या एजवेअरला निघाल्या. निघण्याआधी नात पूर्वीला घेऊन त्या जुन्या चर्चमध्ये सर ॲलनचा निरोप घ्यायला गेल्या.

सर ॲलन म्हणजे थडग्यावर उताणा निजलेला दगडी सरदार. लढाईला जाताना राजा त्याला म्हणाला होता, "मी येतो, तोवर गडाचं दार राख." राजा परतलाच नाही. ॲलनने मात्र मरेपर्यंत दुसऱ्या कुणासाठी ते दार उघडलं नाही. अशा माणसापुढे प्रमिलाताईंची मान आपोआप लवायची.

त्याच्या गार गालावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "येते हं."

"आजी, पण तू परत येणारच नाहीस! बाय म्हण ना."

"निघताना 'जाते' म्हणू नये गं."

"ते त्याला काय माहीत?" पूर्वी हसली. "पुअर मॅन, वाट बघत बसेल!"

दाराशी पोचल्यावर प्रमिलाताईंनी मागे वळून पाहिलं. इतकी वर्षं छताकडे असलेला तो चेहरा आता दाराकडे वळला होता. मानेवर साधी चीरही नव्हती.

पूर्वीचं हसू थांबलं. "आजी, चल."

पूर्वी आता ब्रॅकनेलला नोकरी करते. स्कॉटलंडचं नाव निघालं की ती विषय बदलते. प्रमिलाताई त्या निरोपानंतरच्या फेब्रुवारीत एजवेअरला झोपेतच गेल्या. त्याच सकाळी चर्चचे राखणदार मॅकफी कुलूप काढायला आले, आणि त्या दिवसानंतर त्यांनी ते काम सोडलं. दार आतून सताड उघडलेलं होतं, आणि सर ॲलन पुन्हा निवांतपणे छताकडे पाहत होता.