तब्येतीचा दाखला

खिडकीतल्या बाईंनी सोळा कागद सरसर उलटले आणि सतराव्यावर बोट ठेवलं. कडुबा आणि त्याची पोरगी प्रेरणा दोघंही खिडकीशी वाकले.

“ही सही होमिओपॅथीच्या डॉक्टरांची आहे. चालत नाही. एमबीबीएसची आणा.” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. “पाचला खिडकी बंद होते. आज शेवटचा दिवस आहे, माहीत आहे ना?”

माहीत नसायला काय झालं! याच दिवसापायी कडुबानं वाळूजच्या कंपनीत चार सुट्ट्या टाकल्या होत्या. जात पडताळणीपासून बंधपत्रापर्यंत सगळं तीन-तीन प्रतींत जमवलं होतं, झेरॉक्सवाला तर आता त्याला चहा विचारत होता. आणि चार वाजता पोरीचा मेडिकलचा प्रवेश अडला कशात, तर पोरगी धडधाकट आहे एवढंच सांगणाऱ्या कागदात. त्याचा सगळा राग चांदपाशा डॉक्टरांवर निघाला.

भावसिंगपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत डॉक्टर म्हणजे चांदपाशाच. प्रेरणाचा पहिला ताप त्यांनीच उतरवलेला. दाखला द्या म्हणून कडुबा गेला, तर या भल्या माणसानं सही ठोकून मोकळं व्हावं की नाही? दीड तास घेतला. पोरीला जिना चढायला-उतरायला लावला, एक डोळा झाकून कॅलेंडर वाचायला लावलं, खालची पापणी ओढून म्हणाले, लाली नाही. रक्त तपासायला पाठवलं, हिमोग्लोबिन दहा निघालं, तर दाखल्याच्या खालच्या कोऱ्या जागेत सुबक अक्षरात लिहून टाकलं की रक्त थोडं कमी आहे, औषध सुरू केलं आहे, बाकी प्रकृती उत्तम. पैसे घेतले नाहीत. उलट टॉनिकची बाटली हातात देऊन बजावलं की आठव्या दिवशी डोळा दाखवायला यायचं, डॉक्टर होनेवाली हो तो भी. आणि तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगत होते, आपली प्रेरणा आपल्या सहीवर कॉलेजात चालली.

“सहीनंच घात केला,” कडुबा कॉलेजचा जिना उतरताना पुटपुटला.

कॉलेजसमोर एका दवाखान्यावर डिग्र्यांची लांबलचक पाटी होती. कंपाउंडरनं काही न विचारता कोरा फॉर्म पुढं केला. सकाळपासून बरेच जण येऊन गेले असणार. आतले डॉक्टर फोनवर कुणाशी तरी प्लॉटच्या भावावरून हुज्जत घालत होते. बोलता बोलताच त्यांनी फॉर्म ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

“सर, माझं हिमोग्लोबिन दहा आहे,” प्रेरणा म्हणाली.

डॉक्टरांनी फोनवर हात धरला. “ॲडमिशन पाहिजे ना?”

सही झाली, शिक्का बसला, कंपाउंडरनं तीनशे रुपये घेतले. सगळं मिळून दीड मिनिटात आटोपलं.

रस्ता ओलांडताना कडुबा भडकला. “तुला काय गरज व्हती बोलायची? त्यानं पेन खाली ठिवला असता मंग?”

“त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पप्पा.”

तो आणखीच चिडला आणि झपाझप पुढं चालू लागला.

पावणेपाचला बाईंनी नवा दाखला घेतला, शिक्का तेवढा पाहिला आणि टाचून टाकला. प्रवेश झाल्याची पावती देताना त्या पहिल्यांदाच हसल्या. कडुबानं कितीतरी दिवसांत धड श्वास घेतला नव्हता, तो आता घेतला. मग त्यानं जुन्या दाखल्याचा बोळा करायला घेतला, तर प्रेरणानं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि फाईलमध्ये ठेवून दिला.

आता घरी जायचं होतं आणि गल्लीच्या तोंडाशीच चांदपाशांचा दवाखाना होता. कडुबानं मोटारसायकल मागच्या, लांबच्या रस्त्यानं वळवली. दोनच वळणं गेली असतील, तोच मागून प्रेरणानं त्याचा खांदा दाबला. दवाखान्यावरूनच चला म्हणाली. तिथं जाऊन त्या माणसाला सांगायचं काय, असं त्यानं वैतागून विचारलं, तर तिनं नुसता खांदा पुन्हा दाबला. शेवटी कडुबानंच वाटेत एक थाप जुळवली. बाईंनी दाखला वाचला, म्हणाल्या, फार नीट तपासलेलं दिसतंय. ती त्यानं दोनदा मनात घोकली.

डॉक्टर दारातच उभे होते. आत बाकावर चार पेशंट बसलेले आणि टेबलावर पेढ्यांचा पुडा सोडून ठेवलेला. प्रवेश झाला म्हणताच त्यांनी आधी दोघांच्या हातावर पेढे ठेवले. मग जरा आवाज उतरवून विचारलं, “और अपना सर्टिफिकेट? काय म्हनले वो लोग?”

बाकावरच्या चौघांनी कान टवकारले. कडुबानं तोंड उघडलं, पण घोकलेली थाप बाहेर येईना. त्याला त्या खिडकीचा राग आला, त्या दीड मिनिटाच्या डॉक्टरचा आला, स्वतःचा तर फारच आला. मघापासून ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्या माणसाचा मात्र आता येईना.

प्रेरणानं फाईल बापाच्या हातात दिली. आत जाऊन ती तपासायच्या स्टुलावर बसली आणि बोटानं खालची पापणी ओढून धरली.

“डॉक्टर, आज आठवा दिवस. बघा बरं, लाली आली का?”

चांदपाशांनी तिच्याकडं पाहिलं, मग कडुबाकडं पाहिलं. कडुबानं मान खाली घातली. मग डॉक्टरांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला आणि त्याच्यामागची बॅटरी उचलली.