धारगळची शेवटची बस

धारगळच्या सगुणने तरुणपणी पणजीत एका पंक बँडमध्ये ड्रम बडवले होते. ऑनलाइन ज्ञानकोशात त्या बँडवर चक्क एक पान निघालं: 'रूढींचा निषेध म्हणून १९८८ साली त्यांनी भर कार्यक्रमातून मंच सोडला.' ते वाचून बंगळुरूहून लेक तनयाचा फोन आला, "यंदा चवथीक मी येवचंय नाय. रक्त तुमचाच ना, बाबा!"

सगुण हादरला. खरी गोष्ट अशी की त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी चवथ होती, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायची राहिली होती आणि धारगळची शेवटची बस सातला सुटायची. लाज गिळून त्याने पानावर तसं लिहून टाकलं.

पाच मिनिटांत कुणा संपादकाने ते पुसलं आणि वर समज दिली, 'अशा बंडखोर कलावंतांची कृपया बदनामी करू नये. पुरावा सोबत जोडला आहे.'

सगुणने दात-ओठ खात पुरावा उघडला. जुन्या मासिकातली मुलाखत होती, सोबत ड्रमवाल्याचा केस पिंजारलेला फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरांत त्याचंच वाक्य:



"चवथ? आम्ही असलं काही मानत नाही!"