सीताबाईच्या हातचा मासा

लाईट जायला मुहूर्त लागत नाही म्हणतात, पण आजचा कुणी तरी बघून काढल्यासारखाच होता. मे महिन्याची दुपार, उन्नतीच्या लग्नाची बोलणी करायला काल्हेरची मंडळी घरून निघालेली, आणि अंजूरच्या बंगल्यामागच्या तळ्यात हवा सोडणारा पंप गपकन बंद! सीताबाई भाकऱ्या थापायची सोडून पिठाच्या हातांनी तशीच मागच्या दारी धावली.

मासा वर आला होता. एरवी तळाशी फिरणारा विलायती स्टर्जन, हातभर लांब, सोंडेसारखं नाक, आणि अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या टोकेरी रांगा. थंड मुलखातला जीव. तो आता पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होता.

"आये, दादा जनरेटर आणाला गेलाय," उन्नती मोबाईल कानाला लावूनच म्हणाली. जनरेटर चुलत्यांकडे हळदीला गेला होता, डीजे वाजवायला. "पण फाट्यावर कंटेनरच्या मधी अडकलाय."

"आन् तवर ह्यानं काय करावा? श्वास धरून बसावा?"

भाविकनं, तिच्या मुलानं, हौसेनं असे दोन मासे आणले होते. एक शेवाळात घुसला तो घुसलाच. ह्या माशाला मागं सरता येत नाही, अडकला की संपला. तेव्हापासून तळ्यातलं शेवाळ सीताबाई स्वतः ओढून काढायची, खाणं स्वतः टाकायची. आणि ही कोण? तर भिवंडीच्या बाजारात उमर काढलेली मासळीवाली! हिच्या हातातून जिता मासा कधी निसटला नाही, अशी तिची ख्याती. "हजार मुंडकी उडवली, आन् आता बघा, घास भरवते," असं नवरा, केसरीनाथ, येईल त्याला सांगायचा. सीताबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पाणी नुसतं कोमट झालं होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. पाहुण्यांसाठी आणलेल्या पापलेटांवर बर्फाचं पोतं होतं. मासळी नासायला लागली की बर्फ, एवढं तर तिच्या रक्तातच भिनलेलं. तिनं पोतं फरफटत आणलं आणि सगळंच्या सगळं तळ्यात रिकामं केलं.

एकदम लागलेल्या गारठ्यानं माशानं एक जोराचा झटका दिला. मग तो आडवा झाला. पांढरं पोट वर आलं.

सीताबाईनं जन्मभर बर्फ मेलेल्या मासळीवर घातला होता. जित्यावर घालायची ही पहिलीच वेळ.

"मी मारला गो त्याला," ती उन्नतीला म्हणाली. "माझ्या हातानं मारला."

आवाज ऐकून केसरीनाथ आला. त्यानं पाण्यात बघितलं, आत गेला आणि मासळी कापायची मोरळी घेऊन परत आला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हो. खाडीकाठच्या माणसाचा साधा हिशेब.

"पुरता मराच्या आधी काप त्याला. मेलेला पाहुण्यांना वाढशील काय? भाविक सांगतो, ह्याला काटा पन नसते."

"ठेव ती मोरळी आत."

"सीते, ऐक माझा..."

"आत ठेव सांगते ना!"

आणि नव्या हिरव्या पातळासकट ती तळ्यात उतरली. कमरेएवढं पाणी. तिनं दोन्ही हातांनी माशाला सरळ केलं, बर्फापासून लांब नेलं आणि त्याचं नाक पुढं धरून चालायला लागली. तोंडातून पाणी जाईल, कल्ले हलतील, एवढीच आशा. काठाकाठानं एक फेरी, दुसरी फेरी. हाडांची टोकं तळव्यांना बोचत होती. उन्नती घमेल्यानं बर्फ बाहेर काढून फेकत होती. मासा लाकडासारखा ताठ.

"चल रे बाला. चल माझ्या राजा. एवढा नको करू."

दारात गाडी थांबली. केसरीनाथ पळत पुढं गेला. "या या, आत बसा, सरबत घ्या," असं तो चारदा म्हणाला, पण मुलाची आई सरळ मागच्या दारी आली. तीही मासळी विकूनच मोठी झालेली बाई. तळ्यात आपली होणारी विहीण भिजलेल्या पातळात गोल गोल फिरताना बघून ती काठावरच थांबली. केसरीनाथला धरणी दुभंगावी असं वाटलं.

"काय झायला गो?" तिनं विचारलं.

"बोलू नको बाय," सीताबाई मान वर न करता म्हणाली. "आता बोलू नको."

तेवढ्यात भाविक जनरेटर घेऊन आला. दोरी ओढली, जनरेटर धडधडला, तळ्यात बुडबुडे उठले.

"आये, ये आता बाहेर. पंप चालू झाला."

सीताबाई आली नाही. ती माशाला बुडबुड्यांत धरून उभी राहिली. हात गारठले होते. एका अंगाचा कल्ला जरासा उघडला, मिटला. पुन्हा उघडला. मग शेपटी तिच्या मनगटावर सपकन बसली. बोटं सवयीनं आवळली, तशी तिनं ती मुद्दाम सैल केली.

मासा सुळकन पुढं गेला आणि तळाशी दिसेनासा झाला.

काठावरची बाई खो खो हसली. "सीताबाय, म्हातारी झालीस गो! हातातला मासा सुटला तुझ्या!"

सीताबाईनं रिकामे हात वर करून दाखवले. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"सुटला गो बाय," ती म्हणाली. "सुटला!"