टायरमधला कापूस

"हे सांगितलं तर कोणी खरं मानायचं नाही," बन्सीलालनाना म्हणाले आणि अंगणात उलट्या ठेवलेल्या सायकलचं मागचं चाक त्यांनी तळहाताने गरगर फिरवलं. "मी टायरात कापूस भरून धुळं गाठलं हाये. ट्यूब नही, हवा नही. नुसता कापूस."

नातीने, भाविकाने, मान वर केली नाही. खाटेवर मांडलेलं सामान ती पाठपिशवीत भरत होती. जादा ट्यूबा, ठिगळं, पंप, चेन तोडायचं हत्यार. उद्या सकाळी जळगावहून शर्यत सुटणार होती, थेट धुळ्यापर्यंत, तीही हमरस्त्याने नव्हे. शेताच्या बांधांनी, मुरमाच्या वाटांनी, कोरड्या नाल्यांतून. एकच नियम कडक होता. आपली दुरुस्ती आपण करायची, दुसऱ्याचा हात लागला की बाद.

गेल्या वर्षी पारोळ्याच्या अलीकडे बाभळीचा काटा घुसला आणि पंपाने ऐनवेळी मान टाकली. सायकल हाताने ढकलत भाविका चालत राहिली. डावं पेडल सारखं उजव्या पोटरीवर आपटत होतं. तो काळानिळा डाग तिने पुढे कितीतरी दिवस पायजम्याखाली झाकला. घरी मात्र, टेम्पो मिळाला, म्हणून सांगून टाकलं.

आणि यंदा सुटण्याआधीच घोडं अडलं होतं. सकाळपासून सायकल कुरकुरत होती. उलटी ठेवून पेडल फिरवलं तर गप्प, वर बसलं की कट्‌, कट्‌. पेडलच्या मधल्या आसाचं बेअरिंग गेलं असेल तर ते मागवावं लागणार नाशिकहून, म्हणजे शर्यत गेलीच. तिची आई सुनिता ओट्यावर कणीक मळत होती. तिचं म्हणणं, असं असेल तर घरीच राहावं, काय बिघडतं. यंदाही अर्ध्यातून परतलीस तर सायकल विकून टाकू, हे ती कालच बोलून चुकली होती.

"नाना, तुम्ही बसा सायकलवर. मी बाजूने ऐकते," भाविका म्हणाली. वर बसणाऱ्याला आवाज कुठून येतो ते उमगत नाही.

नानांनी फडक्याला हात पुसले. असोद्यात त्यांनी उभी हयात सायकलींच्या दुकानात काढली, पण गिऱ्हाइकाच्या सीटवर मिस्तरीने बसायचं नाही हा त्यांचा दंडक. ज्याची सायकल त्याने चक्कर मारावी. दुसरे मिस्तरी दुरुस्तीला आलेल्या सायकलींवरून गावभर हिंडायचे, बायकोचा भाजीपाला आणायचे. नाना दुकानाच्या पायरीवरून नुसता कान द्यायचे. गावाला त्याचं भारी कौतुक होतं.

"तू चालव," त्यांनी धोतर खोचलं. "मी पळतो."

आणि खरंच पळाले. गल्लीतून नात सायकलवर, शेजारून नाना, कान सायकलकडे वाकवलेला. शेजारच्या धुरपदाबाईंनी दारातून विचारलं, की नाना, तुम्ही पण उतरता का उद्या?

"मी उतरलो तं बाकीच्यायले काय उरीन, बाई?"

मारुतीच्या पारापाशी त्यांनी हुकूम सोडला, "पेडलवर उभी राहा." ती उभी राहिली. आवाज बंद. "बस." कट्‌. "उभी." बंद.

नाना गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत हसायला लागले. बेअरिंग ठणठणीत होतं. ओरडत होता तो सीटखालचा दांडा. उपसून पाहिला तर नळीत सगळी धूळ बसलेली. त्यांनी आतून फडकं फिरवलं, बोटभर ग्रीस लावलं, दांडा पुन्हा आवळला. भाविकाने लांबवर चक्कर मारली. टायरखालच्या खड्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. ती परत आली ती चहा मागतच. सुनिताने परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं. वाटेसाठी पोळ्या लागणार होत्या.

चहाबरोबर नाना पुन्हा कापसावर आले. शर्यत जुनी, जळगाव ते धुळे. काटा घुसला तोही नेमका पारोळ्याजवळच. ट्यूबच्या चिंध्या झाल्या. समोरून कापसाची गाडी येत होती, तिच्यातून ओंजळी भरभरून कापूस घेतला, सरकीसकट, आणि काडीने ठासून टायरात भरला. मग काय, गादीवर बसल्यासारखा धुळ्यात शिरलो, लोक दुतर्फा उभे.

सुनिताने विचारलं, की सरकी वाटेत उगवली कशी नाही?

भाविकालाही आता चेव आला. "पुरावा दाखवा, नाना."

नानांनी धोतर वर सरकवलं. उजव्या पोटरीवर बाहेरच्या अंगाला जुना, काळपट, चामडीत मुरलेला वण होता. "हा घे पुरावा. सारी वाट डावं पेडल इथंच बसत गेलं. पायात जोरच तसा होता."

भाविकाने वण नीट पाहिला. मग ती उठली, सायकलवर बसली. उजवा पाय उजव्या पेडलवर ठेवला आणि डावं पेडल सावकाश फिरवून पाहिलं. ते सायकलच्या पलीकडच्या अंगाला फिरत होतं. ती उतरली. हँडल धरून अंगणात चार पावलं चालली. पेडल तिच्या पोटरीला लागलं, गेल्या वर्षी लागलं होतं तिथेच.

ती येऊन नानांच्या शेजारी टेकली, अगदी चिकटून.

"कापूस मानला, नाना," ती हळू आवाजात म्हणाली. "पण धुळ्यापर्यंत तुम्ही सायकल हातात धरून चालत गेले. तुम्हाले सायकल चालवताच येत नही."